पऱ्या उतरल्या लातूरच्या गच्चीवर

बेचाळीसच्या पुढं गेलेला पारा, मोजून मापून मिळणारं पाणी आणि बारा-तेरा चिल्लीपिल्ली. अशात फेअरी थीम पार्टी? होते की! नांदेड ते लातूर व्हाया लालपरी, एक भन्नाट समर ट्रिप.

थीम पार्टी म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? एसी हॉल, गुलाबी फुग्यांची कमान, तीन मजली केक आणि पाठीला पंख बांधून वैतागलेली, रडवेली बर्थडे गर्ल! पुण्या-मुंबईत हा सगळा सीन पॅकेजमध्ये मिळतो. फोन फिरवा, थीम सांगा, पैसे भरा. परी हवी? परी येईल. परीसोबत टॅटूवाला आणि पॉपकॉर्नचं मशीनही येईल.

पण हीच पार्टी ऐन मे महिन्यात नांदेड-लातूरकडे करायची म्हटली तर? 'वेडबिड लागलं का?' अशीच पहिली रिअॅक्शन येते. पण आपल्यातल्या कितीतरी जणांचं आजोळ, सासर किंवा 'नेटिव्ह प्लेस' तिकडंच असतं. आपण हिंजवडीत किंवा अंधेरीत लॅपटॉपला चिकटलेलो असतो आणि पोरं सुट्टीला आज्जीकडे. मग त्यांचा वाढदिवस, त्यांची धमाल, सगळं तिथंच व्हायला हवं ना? माझ्या लातूरच्या मावसबहिणीनं तिच्या सहा वर्षांच्या लेकीसाठी हा घाट घातला आणि शॉपिंगची जबाबदारी माझ्या गळ्यात टाकली. म्हटलं चला, स्टोरीही होईल आणि भाचीची पार्टीही!

पहिला स्टॉप : नांदेड

मुंबईहून नंदीग्राम पकडली की गोदाकाठी उतरायचं. सचखंड हुजूर साहिबमुळं नांदेडला देशभरातून, खरं तर जगभरातून माणसं येतात. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी इथंच देह ठेवला आणि ग्रंथसाहिबाला गुरुपद दिलं. २००८ मध्ये त्याचा तीनशेवा गुरु-ता-गद्दी सोहळा झाला, तेव्हा शहराचं रूपडंही बरंच बदललं. स्टेशनबाहेर पंजाबी, तेलुगू, मराठी आणि उर्दू एकाच वेळी कानावर पडतात. कॉस्मोपॉलिटन म्हणजे काय, हे शिकायला न्यूयॉर्कला जायची गरज नाही!

उन्हाचा हिशेब मात्र इथं उतरल्या उतरल्या शिकावा लागतो. सकाळी नऊलाच ऊन अंगावर येतं. अकरानंतर रस्त्यावर दिसतात ती फक्त डोक्याला उपरणं गुंडाळलेली माणसं. बारा ते चार म्हणजे अघोषित कर्फ्यू. त्यामुळं शॉपिंगचे दोनच स्लॉट, सकाळी लवकर किंवा सूर्य उतरल्यावर.

वजिराबादच्या बाजारात मी नेटचं कापड, टिकल्या आणि लेस शोधत होते. दुकानदार चाचांनी विचारलं, "परी के पंखां बनाने का क्या?" मी मान डोलावल्यावर त्यांनी न विचारता पिवळं, हिरवं, निळं, लाल अशी चार थानं काउंटरवर टाकली. "सफेद कायको? परियां तो रंगवाली रहतीं!"

चाचांचा फंडा एकदम करेक्ट होता. १८५३ च्या सुमारास लखनौत आगा हसन अमानत यांनी 'इंदरसभा' हे उर्दू संगीतनाटक लिहिलं. त्यात इंद्राच्या दरबारात येतात त्या पुखराज परी, नीलम परी, लाल परी आणि सब्ज परी. पिवळी, निळी, लाल आणि हिरवी! म्हणजे कलर-कोडेड पऱ्या आपल्याकडे दीडशे वर्षांहून जास्त काळ स्टेजवर नाचतायत. गुलाबी रंगाची सक्ती नंतर कुणीतरी केली.

आणखी एक गंमत. 'परी' आणि 'फेअरी' हे शब्द ऐकायला सख्ख्या बहिणी वाटतात, पण त्यांचं काही नातं नाही. फेअरी जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आली, तिचं मूळ नशिबाच्या लॅटिन देवतांपर्यंत जातं. आपली परी थेट फारसीतून आली. आणि १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असलेल्या नांदेड-लातूरला फारसी-उर्दू काही परकी नाही. त्यामुळं मराठवाड्यात परीची पार्टी म्हणजे 'काय ही इंग्लिश फॅडं' असं कुणी म्हणालं, तर बिनधास्त सांगा, की परी इथलीच आहे, रेशनकार्डासकट!

थोडी वाट वाकडी करून

हातात एक जादा दिवस असेल तर देगलूर तालुक्यातलं होट्टल चुकवू नका. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातली मंदिरं आहेत. सिद्धेश्वर मंदिराच्या बाहेरच्या भिंतीवर सुरसुंदरी उभ्या आहेत. अशा मंदिरांवर हमखास भेटणारी एक आकृती म्हणजे दर्पणसुंदरी, हातात आरसा धरून स्वतःला न्याहाळणारी. सेल्फीची खापरपणजी म्हणा ना! दगडाच्या रंगाच्या या बायका इतक्या देखण्या आहेत, की 'परी म्हणजे गोरी' हे समीकरण तिथंच बाद होतं.

हे मी उगाच सांगत नाहीये. पार्टीच्या आदल्या दिवशी भाचीच्या एका मैत्रिणीनं सहज सांगून टाकलं, "मी परी नाही होणार. मी काळी आहे. मी झाड होते." सहा वर्षांची पोर! तिला हे कुणी शिकवलं? कुणी एकानं नाही. टीव्हीवरच्या जाहिरातींनी, पुस्तकातल्या चित्रांनी आणि 'उन्हात खेळू नको, काळी पडशील' म्हणणाऱ्या आपण सगळ्यांनी मिळून शिकवलं. मोबाइलमध्ये होट्टलचे फोटो होतेच. ते दाखवले. तिनं झूम करकरून पाहिले आणि विचारलं, "हिच्या पायात पैंजण आहे का?" आहे म्हटल्यावर स्वारी खूश. झाडाचा रोल आपोआप कॅन्सल!

लालपरी झिंदाबाद

नांदेडहून लातूरला जायला गाडी करता येते. पण परीच्या पार्टीला जाताना एसटी सोडून दुसरं काही घेणं म्हणजे पाप! आपल्या लालडब्याला महाराष्ट्रानं नाव काय दिलंय? लालपरी! १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली एसटी धावली. तेव्हापासून ही परी जादूची कांडी न फिरवता माणसांना घरी पोचवतेय.

लोहा, अहमदपूर, चाकूर असा रस्ता. खिडकीबाहेर नांगरून टाकलेली काळी रानं, मध्येच एखादा पेटलेला गुलमोहर आणि कडुनिंबाच्या सावलीत दाटीवाटीनं उभी जनावरं. शेजारच्या सीटवरच्या आज्जींनी माझ्या पिशवीतून बाहेर आलेला पंख बघून विचारलं, "काय करायलीस गं ह्याचं?" पार्टीचं सांगितलं. त्या हसल्या. "आमच्या विहिरीवर बी हायेत की. सात हायेत. पण त्यांला पंख नसतात बाई, त्या पाण्यात असतात."

साती आसरा! विहिरीच्या, नदीच्या काठी शेंदूर लावलेले सात दगड तुम्हीही पाहिले असतील. या सात बहिणी पाण्याच्या राखणदार. 'आसरा' हा शब्द 'अप्सरा'वरून आला आणि अप्सरेतला 'अप्' म्हणजे पाणी. 'विहिरीत डोकावू नको, आसरा ओढतील' ही भीती घालून कित्येक पिढ्यांनी पोरं सांभाळली. कठडा नसलेल्या विहिरींच्या गावात हे सेफ्टी फीचरच होतं. भीती कुणी घालावी असं मी म्हणत नाही. पण आपल्या मातीतली परी पाण्यापाशी राहते, पाण्याची राखण करते, हे मला भारीच आवडलं. कारण पुढचा स्टॉप होता लातूर.

लातूर : जिथं पाणी ट्रेननं आलं

लातूर म्हणजे शिकवण्यांचा 'लातूर पॅटर्न', लातूर म्हणजे डाळी आणि सोयाबीनचा बाजार. आणि लातूर म्हणजे २०१६. त्या वर्षी शहराला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं पडलं. पाणी भरायच्या जागी भांडणं होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये तिथं जमावबंदी लागू झाली. पाच जणांपेक्षा जास्त एकत्र जमायचं नाही. १२ एप्रिल २०१६ च्या पहाटे मिरजेहून पहिली पाण्याची ट्रेन लातूरला पोचली. दहा वॅगन, पाच लाख लिटर पाणी. पुढं तिचं नाव पडलं 'जलदूत' आणि वॅगन पन्नासपर्यंत वाढल्या. त्याच वर्षी पावसानं कृपा केली, मांजरा भरलं. पण लातूरकरांच्या मनातलं ते वर्ष काही ओसरलं नाही.

बहिणीच्या घरी आजही भाज्या धुतलेलं पाणी कुंड्यांना जातं. कूलरमध्ये किती पाणी टाकायचं याचं माप ठरलेलं आहे. २०१६ ला पाळण्यात असलेली पोरं आज रिटर्न गिफ्टची डिमांड करतात, पण नळ ठिबकताना दिसला तर उठून बंद करतात. कुणी सांगावं लागत नाही.

त्यामुळं मी इंटरनेटवर पाहून ठेवलेली आयडिया पहिल्या पाच मिनिटांत बारगळली. 'फेअरी पूल'! हवा भरायचा छोटा पूल, त्यात पाणी, त्यात गुलाबाच्या पाकळ्या. बहिणीच्या सासूबाईंनी शांतपणे हिशेब मांडला. चार फूट रुंदीचा गोल पूल, एक फूट पाणी. म्हणजे साधारण साडेतीनशे लिटर. वीस लिटरचे सतरा-अठरा जार! "तेवढ्यात आपलं घर किती दिवस चालतं, सांग बरं?" त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, टोमणाही नव्हता. साधं गणित होतं. पूल गेला, रेन डान्स गेला, वॉटर बलून तर सोडूनच द्या. त्याऐवजी एक पसरट पितळी घंगाळ आलं. त्यात बादलीभर पाणी, वर मोगऱ्याची फुलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच पाणी तुळशीला.

सजावटीचं उरलेलं सामान गंजगोलाईत मिळालं. मधोमध अंबाबाईचं देऊळ, भोवती गोल दुमजली इमारत आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. १९१७ मध्ये बांधलेली ही गोलाई आजही लातूरचं हार्ट आहे. आरसे, घुंगरं, कागद, काचेच्या बांगड्या, सगळं एका चकरेत. फक्त आपण कुठल्या रस्त्यानं आत आलो ते लक्षात ठेवा, नाहीतर तीन चकरा नक्की!

योगायोग बघा, त्याच १९१७ मध्ये इंग्लंडच्या कॉटिंग्ली गावात दोन मावसबहिणींनी ओढ्याकाठी 'पऱ्यांचे' फोटो काढले होते. एक सोळा वर्षांची, दुसरी नऊची. मोठमोठी माणसं फसली. शेरलॉक होम्सचे जन्मदाते आर्थर कॉनन डॉयलसुद्धा! शेवटी १९८३ मध्ये, म्हाताऱ्या झाल्यावर, त्यांनी कबूल केलं की त्या कागदाच्या कापलेल्या आकृत्या होत्या. आमच्या पार्टीचा पहिला गेम इथूनच आला. प्रत्येकानं जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर आपली परी काढायची, कापायची आणि गच्चीवरच्या कुंड्यांमध्ये लपवून फोटो काढायचा. खर्च जवळपास शून्य, धमाल फुल्ल!

गच्चीवर संध्याकाळी सहा

पार्टीची वेळ सहाची. त्याआधी गच्ची तापलेली असते. दुपारी वाळवणाच्या कुरडया उचलल्या, झाडून घेतलं, सतरंज्या घातल्या. फुगे मुद्दाम टाळले, कारण तापलेल्या हवेत ते फटाफट फुटतात आणि लहान पोरं दचकतात. त्याऐवजी जुन्या ओढण्या आणि साड्या दोरीवर बांधल्या. वाऱ्यानं त्या हलायला लागल्या आणि गच्चीचा मंडप झाला.

ड्रेसकोडचा मुद्दा नाजूक होता. बोलावलेल्यांत डॉक्टरांची जुळी होती, शिकवणीच्या सरांची मुलगी होती आणि घरी पोळ्या करायला येणाऱ्या मावशींची दोन नातवंडंही. 'परीच्या ड्रेसमध्ये या' असा मेसेज टाकला असता, तर त्या मावशींनी नातवंडांना तापाचं कारण सांगून घरीच ठेवलं असतं. म्हणून निमंत्रणात एकच ओळ : 'अंगात जुने कपडे, पंख इथं मिळतील.' नांदेडहून आणलेल्या कापडाचे पंख सगळ्यांना सारखे, रंग मात्र चिठ्ठीवर. मुलांनाही मिळाले. एका पठ्ठ्यानं निळे पंख लावून 'मी पायलट परी' असं डिक्लेअर करून टाकलं!

मग आले आरसे. बंजारा भरतकामात लावतात तसे छोटे गोल आरसे, कडांना टेप लावून मुलांच्या हातात दिले. ही आयडियाही उसनी, पण नाटकवाल्यांकडून. २७ डिसेंबर १९०४ ला लंडनमध्ये 'पीटर पॅन' पहिल्यांदा रंगमंचावर आलं, तेव्हा त्यातली टिंकर बेल ही परी कुणा नटीनं केलीच नव्हती. ती होती आरशातून पाडलेला प्रकाशाचा एक ठिपका आणि सोबत घंटीची किणकिण. बस्स! जगातली फेमस परी म्हणजे आपला कवडसा!

सूर्य कलला होता. जिन्याच्या खोलीची पूर्वेकडची भिंत सावलीत होती. पहिला कवडसा पडला, मग दुसरा, मग एकदम दहा-बारा. "ती माझी!" "माझीनं तुझीला पकडलं!" भिंतभर पऱ्या पळत होत्या. 'डोळ्यांवर मारायचा नाही' एवढा एकच नियम. घुंगरं वाजवायला आज्जी होत्याच.

तेवढ्यात भिंतीवर एक जादा कवडसा आला. मोठा, स्थिर. पोरं गप्प. हा कुणाचा? सगळ्यांचे आरसे तर मोजलेले! मागं वळून पाहिलं तर रस्त्यापलीकडच्या होस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर, खिडकीत एक मुलगी. हातात आरसा, मागं टेबलावर पुस्तकांची चळत. लातुरात अशी हजारो मुलं-मुली घर सोडून एका परीक्षेसाठी राहतात. सतरा-अठरा वर्षांच्या त्या मुलीनं आपला कवडसा हळूच खाली आणला, पोरांच्या पऱ्यांमधून फिरवला, दोन गिरक्या घेतल्या. पोरं किंचाळत तिच्या मागं! पाचेक मिनिटं हा खेळ चालला. मग तिनं हात हलवला, खिडकी बंद केली आणि तिच्या खोलीतला दिवा लागला.

नंतर केक कापला, गाणी झाली, सगळं झालं. पण रात्री माझ्या भाचीला विचारलं, "सगळ्यात मस्त काय होतं?" तर उत्तर आलं, "ती खिडकीतली परी. तिला केक का नाही दिला?" दुसऱ्या दिवशी बहीण डबा घेऊन होस्टेलच्या वॉर्डनकडे गेली. आता रविवारी त्या खिडकीला इथून डबा जातो.

परीच्या पार्टीचा उन्हाळी मेन्यू

पेय : माठातलं कैरीचं पन्हं, गूळ घालून. पेले छोटे ठेवा. 'हवं तर परत घे' हा नियम केला की अर्धा पेला फेकला जात नाही.

खाऊ : सुशीला! चुरमुऱ्यांचा हा मराठवाडी पदार्थ ज्यांनी खाल्ला नाही, त्यांचं आयुष्य अर्धवट आहे. तिखट कमी, शेंगदाणे जास्त.

गोड : आंब्याचा रस आणि हातच्या शेवया. क्रीमचा केक उन्हात दहा मिनिटांत वितळतो, म्हणून केक छोटा आणि शेवटच्या क्षणी फ्रीजबाहेर.

रिटर्न गिफ्ट : तोच आरसा आणि तेच पंख. प्लॅस्टिकचं काही नाही. चमकीची पावडर तर नकोच, ती डोळ्यांत जाते आणि धुवायला बादलीभर पाणी लागतं!

मग, कधी निघताय?

पुण्यातल्या हॉलचं पॅकेज वाईट असतं असं नाही. वेळ नसतो, जागा नसते, मान्य. पण एखादा उन्हाळा पोरांचा वाढदिवस गावाकडच्या गच्चीवर होऊ द्या. तिथं त्यांना कळेल, की पाणी मोजून वापरतात आणि तरी मजा कमी होत नाही. पोळ्यावाल्या मावशींची नात आपल्याइतकीच परी असते. आणि समोरच्या खिडकीत एकटं कुणी अभ्यासाला बसलं असेल, तर त्यालाही खेळात घेता येतं.

जाताना सामान फार नेऊ नका. मूठभर आरसे पुरेत. ऊन तिकडं भरपूर आहे!